१३–१०: बाजूला एवढं रान मोकळं असताना आपण मधूनच का पळालो?

घोड्याचीनाल | ३० नोव्हेंबर २०२४, रात्री ९:१०

दुपारपासून तीनदा लिहून खोडलं. आता पोरं झोपलीत, भांडी झालीत, डोकं जरा ठिकाणावर आलंय म्हणून धागा काढतोय. कोलंबसमधलं कुणी असेल तर कळेलच कशाबद्दल बोलतोय. बाकीच्यांसाठी, आज कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधे आपली ओहायो स्टेट मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३–१० हरली. लागोपाठ चौथ्यांदा. आणि या वेळी तर मिशिगन ६–५ असा रडतखडत सीझन घेऊन आली होती, आपण देशात दोन नंबरला, सट्टेवाले आपल्याला वीसेक पॉइंटांनी पुढे धरून बसलेले.

हरण्याचं एक वेळ सोडा हो. कसे हरलो ते बघा. २६ वेळा पळालो, ७७ यार्ड. म्हणजे एका वेळेला तीन यार्डसुद्धा नाही, तीनदा पळालं तरी नऊ यार्ड भरत नाहीत आणि पहिली डाऊन मिळवायला लागतात दहा. हे गणित माझ्या चौथीतल्या मुलीला जमतं. आणि पळायचं तरी कुठून? तर बरोब्बर मधून, जिथे मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन डोंगर उभे आहेत. बाहेरच्या बाजूला आपले जेरेमाया स्मिथ, एमेका इग्बुका आणि कार्नेल टेट. या तिघांसारखे रिसीव्हर (पास पकडणारे) दुसऱ्या कुठल्या टीमकडे असते तर त्यांनी बॉल जमिनीवर ठेवलाच नसता.

आमच्या सासूबाई सांगलीहून आल्यात दोन महिन्यांसाठी. आयुष्यात कधी हा खेळ पाहिला नाही. थँक्सगिव्हिंगचं उरलेलं गरम करत करत बघत होत्या, तिसऱ्या क्वार्टरला म्हणाल्या, "अहो, हा परत मधूनच का घुसतोय, बाजूला एवढं रान मोकळं आहे की." मी काय उत्तर देणार? आपला प्ले कॉल करणारा कोच चिप केली, त्याला विचारा म्हटलं.

तर प्रश्न हाच. चूक कुणाची? प्ले कॉलिंगची (कधी कुठली खेळी खेळायची ते ठरवण्याची), पोरांची, की आपलंच डोकं फिरलंय?

---

फोडणी | रात्री ९:२२

सासूबाईंना ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर करा. +१

---

ॲनआर्बरचा_बोका | रात्री ९:२५

धाग्याचं शीर्षक वाचूनच पोट भरलं. आमचा स्टार टाइट एंड कोल्स्टन लव्हलंड नाही, कॉर्नरबॅक विल जॉन्सन नाही, क्वार्टरबॅकने (पास टाकणाऱ्याने) अख्ख्या मॅचमध्ये ६२ यार्ड पास केले आणि वर दोन इंटरसेप्शन (थेट तुमच्या हातात गेलेले पास) दान दिली, तरी जिंकलो. धन्यवाद कोलंबस, पाहुणचार उत्तम होता. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

---

पुणेरी_पाहुणा | रात्री ९:४०

मला यातलं ओ की ठो कळत नाही पण भाचा तिकडे शिकतो म्हणून इथल्या रात्री साडेदहापासून जागून बघितली. कुणीतरी अगदी थोडक्यात सांगेल का की "मधून पळणे" यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? मला तर सगळेच मधे जाऊन एकमेकांवर पडताना दिसले.

---

तिसरी_डाऊन | रात्री १०:०५

@पुणेरी_पाहुणा, कबड्डी बघता ना? मग सोपं आहे. एकेक खेळी, म्हणजेच डाऊन, ही एकेक चढाई समजा. तुम्हाला चार चढायांत दहा यार्ड पुढे जायचंय, गेलात की पुन्हा नव्या चार मिळतात. व्यवहारात तीनच, कारण चौथीला बहुतेक टीम लाथ मारून बॉल लांब तरी देतात नाहीतर जवळ असतील तर फील्ड गोल मारतात (किकवर तीन पॉइंट). म्हणून तिसरी डाऊन म्हणजे डू ऑर डाय रेड. पहिल्या चढाईत जर एकच यार्ड मिळाला तर पुढच्या दोन्ही वेळी समोरच्याला ठाऊक असतं की आता हे पास टाकणार, मग तो निवांत सापळा लावून बसतो. आज आमचं तेच झालं. पहिल्या डाऊनला मधून धडक, दोन यार्ड. पुन्हा धडक, एक यार्ड. तिसऱ्या वेळी सात यार्ड हवेत आणि सगळ्या स्टेडियमला माहीत आहे काय होणार.

आता @घोड्याचीनाल, तुमच्याशी थोडं भांडण. "नुसते पळालो" हे खरं नाही. आपला क्वार्टरबॅक विल हॉवर्डने ३३ पास टाकले, म्हणजे पळण्यापेक्षा जास्तच. त्यातले १९ पूर्ण, १७५ यार्ड, दोन इंटरसेप्शन. पासमागे सव्वापाच यार्डच्या आसपास. हे काही फार भारी नाही. कॉलेजात सॅक झाला (पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडलं) की ते उणे यार्डही पळण्याच्याच खात्यात जातात, तेव्हा ७७ चा आकडा दिसतो त्याहून किंचित बरा असेल. माझं म्हणणं, किती पळालो हा मुद्दाच नाही, कधी पळालो हा आहे.

---

घोड्याचीनाल | रात्री १०:१८

मान्य. तेहतीस पास झाले हे आत्ता तुमच्याकडूनच कळतंय, मला बघताना दहाच वाटले. रागात मोजणी चुकते.

---

डब्लिनकर_काका | रात्री १०:४६

मी या गावात १९९४ पासून आहे. इथे तीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट समजली की मिशिगनच्या आठवड्यात या गावाची मती फिरते. विद्यापीठात पाट्यांवरच्या सगळ्या एम अक्षरांवर लाल फुल्या मारतात, नावसुद्धा घेत नाहीत, "ती वरच्या अंगाची टीम" म्हणतात. ते गमतीचं आहे. पण तीच मती कोचच्या खोलीत फिरली की १३–१० होतं.

पोरांनो, जरा मागे जा. २०२१ ला ॲन आर्बरला ४२–२७ हरलो, त्यांच्या हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन पळून केले. नंतर त्यांचा तेव्हाचा ऑफेन्सचा कोच रेडिओवर म्हणाला की ओहायो स्टेट नाजूक टीम आहे, दणकट नाही. ते वाक्य आपला हेड कोच रायन डेच्या जिव्हारी लागलं ते लागलंच. २०२२ ला घरी ४५–२३. २०२३ ला नोत्र दामचा जुना कोच लू होल्ट्झनेही तसलंच काही म्हटलं, तर नोत्र दामला १७–१४ हरवल्यावर हा मैदानातच कॅमेऱ्यासमोर त्या म्हाताऱ्याचं नाव घेऊन भडकला. तेव्हाच मी बायकोला म्हणालो होतो, हा माणूस आता मिशिगनला धडक मारूनच हरवणार, नाहीतर हरणार.

आज तेच झालं. आपण मॅच जिंकायला उतरलो नव्हतो, शिवी परत करायला उतरलो होतो.

---

फोडणी | रात्री १०:५१

काका, दंडवत. शेवटचं वाक्य व्हॉट्सॲपवर ढापतोय.

---

रात्रपाळी | रात्री ११:३०

ब्रेकमधे मोबाईलवरून टंकतेय, चुका पोटात घाला.

काकांचं मानसशास्त्र भारी आहे पण मला वाटतं आपण फार खोल जातोय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लाईन बघा ना, क्वार्टरबॅकसमोरची पाच जणांची भिंत. लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमधे ओरेगनला गुडघा घालवून बसला. सेंटर सेथ मॅकलॉफ्लिनचा अकिलिस (टाचेमागची शीर) इंडियानाच्या मॅचच्या आठवड्यात प्रॅक्टिसमधे तुटला. मग गार्ड डोनोवन जॅक्सनला टॅकल केला, कार्सन हिन्झमनला सेंटर केला, म्हणजे एक वीट काढून दुसऱ्या भोकात, दुसरी काढून तिसऱ्या भोकात. आणि समोर कोण, तर ग्रॅहम आणि ग्रँट. मी पेशंट हलवते रोज, वजन काय असतं ते मला विचारा, ग्रँट सव्वातीनशे पौंडांच्या पुढे आहे आणि तो पळतोसुद्धा.

अशी लाईन असताना केलीने काय वेगळं करायचं होतं? लांब पास टाकायला क्वार्टरबॅकला उभं राहायला वेळ तर मिळाला पाहिजे.

---

तिसरी_डाऊन | रात्री ११:४५

@रात्रपाळी, तुमचाच मुद्दा उलटा करून विचारते. लाईन तुटकी आहे हे तुम्हाला माहीत, मला माहीत, हॉट डॉग विकणाऱ्याला माहीत. मग तिच्या सगळ्यात कमजोर जागेवरून, नव्या सेंटरच्या डोक्यावरूनच का पळायचं? घोडखिंडीत समोर बाजीप्रभू उभे आहेत हे दिसत असताना एकेक शिपाई आत पाठवत राहिल्यासारखं झालं ते. आपण सिद्दीच्या बाजूने खेळत होतो आज.

लांब पास नका टाकू. आखूड टाका. बॉल हातात आला की दोन सेकंदांत बाहेर, स्मिथला पाच यार्डवर द्या आणि पुढचं त्याला बघू द्या. स्क्रीन द्या, जेट स्वीप द्या, म्हणजे बॉल पटकन बाजूला जाईल. ग्रँट तीनशे पौंडांचा आहे ना, मग त्याला आडवं पळवा, चौथ्या क्वार्टरला धाप लागू द्या. त्याऐवजी आपण बॉल त्याला घरपोच नेऊन दिला.

आणि हे आपल्याला जमत नव्हतं असंही नाही. पहिल्या हाफच्या शेवटी घड्याळ मागे लागलं तेव्हा काय झालं? पटापट खेळलो, हॉवर्ड ते स्मिथ, दहा यार्ड, टचडाउन, १०–१० बरोबरी. मला वाटलं, चला, सापडलं औषध. दुसऱ्या हाफला परत ये रे माझ्या मागल्या. अख्ख्या दुसऱ्या हाफमधे शून्य पॉइंट.

---

अवांतर_प्रसाद | १ डिसेंबर, रात्री १२:१०

एक मिनिट, किकरबद्दल कुणी बोलतच नाही. आपला किकर फील्डिंग, त्याने दोन फील्ड गोल चुकवले, एक ३८ यार्डचा आणि एक ३४ चा. सहा पॉइंट. हरलो किती पॉइंटांनी? तीन. विषय संपला, धागा बंद करा.

---

घोड्याचीनाल | रात्री १२:२२

विषय संपला नाही. ३४ यार्डवर किकरला बोलवायची वेळ का आली? कारण त्याआधीच्या तीन डाऊनमधे काही झालं नाही म्हणून. वीस वर्षांच्या पोराच्या पायावर सगळं ढकलून मोकळं व्हायचं आणि कोच मात्र मिलियनमधे पगार घेणार.

---

ॲनआर्बरचा_बोका | रात्री १२:३५

आता खरं सांगतो, चिडवणं बाजूला. आम्हीसुद्धा मधूनच पळालो की. केलेल मलिंग्ज ३२ वेळा, ११६ यार्ड. आमचं प्ले कॉलिंग तुमच्यापेक्षा काही सुंदर नव्हतं, उलट जास्तच कंटाळवाणं. फरक इतकाच की आमच्याकडे दुसरं काही नव्हतंच आणि ते आम्हाला माहीत होतं. शेवटच्या ड्राइव्हला थर्ड अँड सिक्स (तिसरी डाऊन, सहा यार्ड हवेत), सगळ्या जगाला माहीत मलिंग्ज येणार, तो आला, कोंडीतून सुटला आणि २७ यार्ड गेला. मग आमचा किकर झ्वाडाने २१ यार्डची किक मारली, ४५ सेकंद उरले होते.

आणि आमचा डिफेन्सवाला विंक मार्टिनडेल, त्याने दोन सेफ्टी (मागचे राखणदार) मागे खोल ठेवले बराच वेळ. म्हणजे तुम्हाला सांगत होता, घ्या, पळा, पुढे माणसं कमी ठेवलीत. कुठल्याही पुस्तकाप्रमाणे तिथे पळणंच बरोबर. तुमची सहा माणसं आमच्या सहांना हलवू शकली नाहीत, त्याला केली काय करणार? चिप केली मूर्ख नाहीये.

---

तिसरी_डाऊन | रात्री १२:५०

बोकोबा, हा मात्र आजच्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. आणि तुम्ही मिशिगनचे निघालात हे माझं दुर्दैव.

हो, दोन सेफ्टी मागे दिसले की पळायचं हे बरोबर. पण ते आमिष आहे हे पहिल्या क्वार्टरमधे कळायला पाहिजे. गळाला किडा लावलाय तो चविष्ट आहे म्हणून सव्वीस वेळा गिळायचा का? शिवाय कायम शॉर्ट साइडला (अरुंद बाजूला) पळणं हे मला आजवर समजलेलं नाही. @पुणेरी_पाहुणा, तुमच्यासाठी: मैदान १६० फूट रुंद, कॉलेजात हॅश मार्क (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा, खेळी यांच्यावर किंवा यांच्यामधून सुरू होते) एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमधे (व्यावसायिक लीगमधे) ते अगदी जवळजवळ, साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात बॉल हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १००. सासूबाईंना जे रान दिसलं ते हेच शंभर फूट. सांगलीच्या बाईला पहिल्याच मॅचला दिसलं ते.

---

पुणेरी_पाहुणा | रात्री १:१५

आता कळलं. भाच्यापेक्षा बरं समजावलंत. तो नुसतं "मामा, इट्स कॉम्प्लिकेटेड" म्हणतो.

---

डब्लिनकर_काका | सकाळी ७:३०

झोप लागली नाही, पहाटे उठून चहा केला.

गंमत बघा. चिप केली म्हणजे ओरेगनला वाऱ्यासारखं खेळवणारा माणूस, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही हीच त्याची ख्याती. रायन डे न्यू हॅम्पशायरला क्वार्टरबॅक होता तेव्हा हाच केली त्याचा कोच. या वर्षी गुरू यूसीएलएची हेड कोचची खुर्ची सोडून चेल्याच्या हाताखाली आला, प्ले कॉल करायला. आणि गुरूने काल काय केलं? आपला जुना कोच वूडी हेज, त्याच्या काळातला तीन यार्ड आणि धुळीचा ढग. आता टर्फ आहे, धूळही उडत नाही.

म्हणून मला वाटतं की हे केलीचं डोकं नव्हतं, वरून आलेला हट्ट होता. मी काही आत बसलेलो नाही, पण तीस वर्षं याच टीमला बघतोय.

---

फोडणी | सकाळी ९:०२

मॅचनंतर मिशिगनवाल्यांनी मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. आपल्या टीमने दिवसभरात दाखवलेला सगळ्यात जोरदार ऑफेन्स तोच.

---

मॉडरेटर | सकाळी १०:४०

मारामारीवर वेगळा धागा आहे, इथे फक्त प्ले कॉलिंग. बोका आणि अवांतर_प्रसाद, व्यक्तिगत निरोपांत भांडा.

---

रात्रपाळी | २२ डिसेंबर, सकाळी १०:१५

धागा वर काढते. काल रात्री प्लेऑफमधे टेनेसीला ४२–१७ हरवलं. पहिल्या क्वार्टरमधेच २१–०. लाईन तीच, सेंटर तोच, टॅकल तोच. पहिल्याच ड्राइव्हला स्मिथला लांब पास. मी जे "केलीने काय वेगळं करायचं होतं" म्हणाले होते ते मागे घेते. हे करायचं होतं.

---

घोड्याचीनाल | सकाळी १०:३०

मला आनंद व्हावा की अजून चीड यावी तेच कळेना. तीन आठवड्यांपूर्वी हे पुस्तक कुठल्या कपाटात ठेवलं होतं?

---

तिसरी_डाऊन | २ जानेवारी २०२५, सकाळी ८:५०

रोज बोल, प्लेऑफची पुढची मॅच. ओरेगनला ४१–२१ हरवलं, आणि दुसऱ्या क्वार्टरमधे ३४–० होतं. जेरेमाया स्मिथ १८७ यार्ड. हा पोरगा अजून टीनेजर आहे. आधी हवेतून मारलं, मग डिफेन्स मागे सरकला, मग पळायलाही जागा झाली. क्रम उलटा केला की तेच खेळाडू वेगळे दिसतात, मला नोव्हेंबरात एवढंच म्हणायचं होतं पण फार शब्द खर्च केले.

---

अवांतर_प्रसाद | ११ जानेवारी, सकाळी ९:२०

स्मिथवाल्यांनो, कॉटन बोल (सेमीफायनल) बघितलात ना? टेक्सासने त्याच्यावर दोन-दोन माणसं लावून एक कॅच, तीन यार्ड दिले फक्त. तरी २८–१४ जिंकलो, शेवटी जॅक सॉयरने फंबल (त्यांच्या हातून सुटलेला बॉल) उचलून ८३ यार्ड नेला. म्हणजे "स्मिथला द्या" हे सगळ्या रोगांवरचं औषध नाही. मी किकरवर ठाम आहे.

---

तिसरी_डाऊन | सकाळी ९:४१

मुद्दा बरोबर आहे, किकर सोडून.

---

घोड्याचीनाल | २१ जानेवारी, रात्री १२:५५

नॅशनल चॅम्पियन!! ३४–२३, नोत्र दाम. आवाज बसलाय म्हणून टंकतोय.

हॉवर्डचे पहिले तेरा पास लागोपाठ पूर्ण, एकूण २१ पैकी १७. जडकिन्स ११ वेळा पळून १०० यार्ड, त्यात एक सत्तरचा. मधून पळालो तरी चाललं, कारण त्यांना काय येणार ते माहीत नव्हतं. पण मला सांगायचंय ते शेवटाबद्दल. ३१–० असं काही नव्हतं हो, ३१–७ वरून ३१–२३ झालेलं, पोटात गोळा, थर्ड अँड इलेव्हन. नोव्हेंबरातली टीम इथे मधून पळाली असती, घड्याळ खाल्लं असतं, बॉल परत देऊन देवाचा धावा केला असता. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो, पळू नका, पळू नका. आणि हॉवर्डने उचलून टाकला बाहेरच्या बाजूला स्मिथला, एकटा होता, ५६ यार्ड. त्यानंतर फील्डिंगने ३३ यार्डचा फील्ड गोल मारला. हो, तोच फील्डिंग, २६ सेकंद उरले असताना. अवांतर_प्रसाद, ऐकताय ना?

सासूबाई गेल्या आठवड्यात परत गेल्या. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते, बायकोने व्हिडिओ कॉल टीव्हीसमोर धरला होता, त्या कणीक मळता मळता बघत होत्या. स्मिथने बॉल पकडला तेव्हा इथे आमचा आरडाओरडा आणि फोनमधून आवाज, "बघा, बाजूने गेला की नाही!"

---

डब्लिनकर_काका | रात्री १:२०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. उद्या आमच्याकडे या सगळे, हिने बकाय, म्हणजे पीनट बटरचे लाडू, केलेत दोन डबे भरून.

---

ॲनआर्बरचा_बोका | सकाळी ८:०५

मनापासून अभिनंदन. खरंच छान खेळलात.

चार म्हणजे चार.